हवेत ठेवलेला वाडगा

"...मग मला रडू का येत नाही, बाई?"

काझुए तोमोनागाने हे विचारलं ते डॉक्टरला दुखणं सांगावं तसं. अंतराळात गेलेल्या जपानच्या पहिल्या काही स्त्रियांपैकी ती एक. सात महिने वर राहून नुकतीच परत आलेली. ती वर असतानाच खाली तिची आई गेली.

ज्युकेई बाई भिक्षुणी होत्या, नव्वदीच्या घरातल्या. हिरादो बेटावरच्या त्यांच्या मठात काझुए सातव्या वर्षी आईचं बोट धरून चहाचा विधी शिकायला आली होती. आता तिला गुडघे मोडून बसवत नव्हतं, म्हणून बाईंनी तिला पडवीच्या कडेला पाय सोडून बसू दिलं होतं.

"कळलं तेव्हा काय केलंस?"

"दहा मिनिटं मागून घेतली. मग यानाची दुरुस्ती पुरी केली. वेळेच्या आत."

सांगताना तिची मान जरा ताठ झाली. होणारच. त्या दुरुस्तीचं वर्तमानपत्रांनी केवढं कौतुक केलं होतं.

"आणि डोळ्यांतलं पाणी?"

"तिथं ते गळत नाही. डोळ्यावरच साचून बसतं. कामात अडचण नको म्हणून पुसून टाकलं."

बाई चहाची पूड गरम पाण्यात घुसळू लागल्या.

"तिथं वस्तू ठेवता कुठं?"

"हवेत." काझुए हसली. "हातातून सोडायची. असते तिथंच राहते."

"अस्सं..."

बाईंनी वाडगा पुढे ठेवला. काळपट, एका बाजूला काठ झिजलेला. काझुएने तो लगेच ओळखला. चाळीस वर्षं आई मठात आली की याच वाडग्यातून चहा प्यायची.

तिने चहा संपवला. वाडगा उजेडात धरून ती पाहत होती, तेवढ्यात बाईंनी दोन्ही हातांनी एक घडी केलेला रुमाल पुढे केला.

"तुझ्या आईचा. इथं राहिला होता."

दोन्ही हातांनी दिलेलं दोन्ही हातांनीच घ्यायचं, हे तिला याच मठात शिकवलेलं.

काझुएने वाडगा डोळ्यांसमोर हवेत ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले.

खाली दगडी पायरीवर आवाज झाला.

ती हातात रुमाल घेऊन तशीच बसून राहिली. वाडगा ठेवला होता त्या रिकाम्या जागेकडे पाहत. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी टाकला नाही, बाई... मी ठेवला होता."



काझुए कशीबशी खाली उतरली आणि तुकडे गोळा करू लागली. झिजलेल्या काठाचा तुकडा हाती आला, तशी थांबली. आई इथं ओठ लावायची. आता कधीच लावणार नव्हती. हे तिला चार महिने ठाऊक होतं, पण कळलं आत्ता.

दगडावर एक थेंब पडला. पाऊस आला की काय म्हणून तिने दचकून वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

मग मात्र तिला आवरेना.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं, मी सोडणार म्हणून. तरी हाच वाडगा दिलात?"

बाईंनी पडलेला रुमाल उचलला, तिच्या हातात दिला.

"खाली उतरून किती दिवस झाले म्हणालीस?"

"अठरा."

"अठरा कसे? उतरल्याचा आवाज तर आत्ता आला."