येसबाची नवी भाषा आणि दुधाची टाकी

तळेबुद्रुक गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव येसबा. सांगाल ते करायचा आणि सांगाल तेवढंच करायचा.

गोदाकाकू गावच्या डेअरीच्या चेअरमन. पोळ्याला तालुक्याचा टँकर येणार होता. त्यात थंड दूध गेलं नाही, तर डेअरीला कुलूप लागणार होतं. दूध थंड करायच्या टाकीचा प्रोग्राम काकूंनी येसबाला करायला सांगितला.

येसबानं त्यासाठी कोरी करकरीत प्रोग्रामिंग भाषा निवडली. भाषा भलती वेगवान. फक्त तिच्यात तयार काही मिळत नव्हतं. जुन्या भाषांत तारखेपासून छपाईपर्यंत सगळ्याचा तयार कोड असतो. येसबानं कॅलेंडरसुद्धा हातानं लिहिलं. दोन महिने गेले, आणि कॅलेंडरात नेमका पोळाच लिहायचा राहिला.

“अरे येड्या, आयतं मिळतंय ते घ्यावं!” काकू म्हणाल्या.

“बरं.”

मग डेअरीच्या सभासदांची नावं भरायची होती. येसबानं शेजारच्या माळेवाडीची यादी आयती आणली. सकाळी सगळ्या पावत्या माळेवाडीकरांच्या नावानं निघाल्या. त्यातले दोघं तर वारलेले होते.

“आयतं आणलं तरी आपल्या गावच्या मापाचं करून घ्यावं, बाबा!”

“बरं.”

पुढे त्याला टाकीचा तयार कोड सापडला. नव्या भाषेत तो एकाच माणसानं लिहिला होता, सातासमुद्रापार बसून. त्यात होतं, दूध चार अंशांवर ठेवा. येसबानं अंगणात जाऊन गावची हवा मोजली. एकतीस भरली. त्यानं चारचे एकतीस केले. संध्याकाळी सगळं दूध नासलं. काकू रडकुंडीला आल्या.

“ज्यानं लिहिलंय त्याला विचारल्याबिगर कशाला हात लावशील तर बघ!”

“बरं.”

येसबानं त्याला ईमेल धाडला, ‘परत चार करू का?’ उत्तर आलं, ‘करा.’ नवं दूध गार झालं.

पोळ्याला टँकर आला. काकूंनी त्याला हार घातला. येसबानं टाकीच्या खोलीला आतून कडी लावून पंप सुरू केला. तेवढ्यात टँकरमधून पाइप निसटला. दूध रस्त्यावर आलं. रंगवलेल्या शिंगांचे बैल दुधातून मिरवत गेले.

“येसबा, बंद कर!” काकू खिडकीतून ओरडल्या.

“लिहिणाऱ्याला विचारलंय, काकू.”

टाकीचा तळ दिसला तेव्हा उत्तर आलं, ‘आजपासून मी ही भाषा सोडली. तिच्यात तयार काही मिळत नाही. मला विचारू नका.’

“काकू, लिहिणारा पळाला. आता बटण कोणाला विचारून दाबू?”

दुपारी तालुक्याच्या माणसानं डेअरीला कुलूप लावलं.

येसबा आतच होता. बाहेर ये, असं कोणी म्हणालंच नव्हतं.