थोरल्या महाराजांची दगडी खोली

एका राज्यात दिशा हरवल्या होत्या. पूर्व कुठली, पश्चिम कुठली, कुणाला कळेना. गाई भलत्याच गोठ्यात शिरत, नवरदेव भलत्याच मांडवात उभे राहत, नदी सकाळी खाली वाहे आणि दुपारी वर. कारण एकच. राजा धुरंधराने मेलेल्याच्या गळ्यातली सरी काढली होती.

त्या राज्याचा पहिला राजा टेकडीच्या पोटात निजला होता. लोखंड नव्हतं, चुना नव्हता, तेव्हाची ती खोली. माणसाहून उंच शिळा खांद्याला खांदा लावून उभ्या. त्यांच्यावर दगडांचे थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा आत सरकलेला, आणि सगळ्यांच्या डोक्यावर झाकणासारखा एकच धोंडा. शिळांवर भोवरे कोरलेले. दाराच्या शिळेला वाटोळं भोक, त्यातून सरपटत आत जायचं. मध्ये हाडं, आणि हाडांच्या गळ्यात सोन्याची सरी. धुरंधराने ती आपल्या गळ्यात घातली आणि त्याचे पाय दगडाचे झाले. दगड रोज थोडा वर चढू लागला.

छातीपर्यंत चढला तेव्हा राणी कोंडाईने मांत्रिक झिपरनाथाला बोलावलं.

"उपाय सांग."

"कामं तीन, बाईसाहेब. सरी काढायची. जिथली तिथे घालायची. आणि घालून बाहेर यायचं. तिसरं होईल तेव्हाच शाप सुटेल."

राजा म्हणाला, "सरी मला शोभते."

"गळा दगडाचा झाला की आणखी शोभेल," राणी म्हणाली, आणि तिने सरी ओढून काढली. पहिलं काम झालं.

मग राणी आणि झिपरनाथ दोघं टेकडीवर गेली आणि भोकातून आत सरपटली. हाडांनी मान उचलली. राणीने सरी घातली. हाडं पुन्हा निजली. दुसरं काम झालं.

राणीने हात जोडले. थोरल्यांना पाठ दाखवायची नाही, म्हणून त्यांच्याकडे तोंड ठेवूनच ती मागे सरकू लागली.

"येते, महाराज."

"येतो, महाराज," झिपरनाथही म्हणाला.

मागे सरकले, सरकले, आणि पाय कशाला तरी अडला. बघतात तर हाडं! आणि समोर नुसती भिंत. पुन्हा हात जोडले, पुन्हा "येते" म्हटलं, पुन्हा मागे सरकले. पुन्हा हाडं. तिसऱ्या खेपेला राणी शिळा चाचपत निघाली. मोठा भोवरा येताना डाव्या हाताला होता, आता उजव्या. भोवऱ्यात बोट फिरवलं तर बोट फिरतच राहिलं, मध्यावर पोचेचना. आणि पायाशी पुन्हा तीच हाडं.

"झिपरनाथा, ही शिळा मघाशी इथेच होती का?"

"होती."

"मग ही?"

"हीसुद्धा इथेच होती."

"एका जागी दोन शिळा?"

"मला काही विचारू नका, बाईसाहेब. माझं नावसुद्धा आता नक्की आठवेना."

राणी मटकन खाली बसली. दगड एव्हाना राजाच्या गळ्याला पोचला असणार. आपण आत आहोत की बाहेर, उभ्या आहोत की आडव्या, हेही तिला उमजेना. आणि वर कुणीतरी हसलं. दगडांच्या थरांतल्या फटीत साळुंकी बसली होती.

"काय गं, दात काढतेस?"

"मला दात नाहीत," साळुंकी म्हणाली. "तोंड त्याच्याकडे, आणि वर येते येते म्हणतेस. ही खोली बोलल्यासारखं करते. म्हणून तू येतेस."

राणी उठली. त्या राज्यात 'जाते' कुणीच म्हणत नसे. तसं म्हणणारं माणूस परत येत नाही, हे तिच्या आईने तोंडावर चापट मारून शिकवलं होतं.

झिपरनाथाने कानांवर हात ठेवले. "नको, बाईसाहेब! तो शब्द मेलेल्यांचा आहे."

"मग आपण कुणाच्या घरी आलोय? बारशाला?"

"आणि आपणच मेलो तर?"

"मेले तर मेले. असं घुटमळत नाही राहणार."

राणीने हाडांकडे पाठ केली. जीभ जड झाली होती, टाळूवरून सुटेना. तिने ती हलवलीच.

"महाराज, सरी तुमची, खोली तुमची. मला पुन्हा यायचं नाही. जाते."

शिळा घरघरत आपापल्या जागी बसल्या. समोरच वाटोळं भोक होतं, आणि त्यात ऊन.

"मीपण! मीपण जातो!" झिपरनाथ किंचाळला आणि राणीच्या आधी भोकातून पसार झाला.

ती दोघं बाहेर आली तेव्हा नदी समुद्राकडे वाहत होती आणि गाई आपापल्या दारी हंबरत होत्या. राणी महालात शिरली. राजा सिंहासनाखाली कोसळला होता आणि दोन्ही पाय धरून बोंबलत होता.

"मुंग्या! कोंडाई, पायांना मुंग्या आल्यात, सहन होईना!"

राणी त्याच्याजवळ बसली. त्याचे पाय तिने मांडीवर घेतले आणि जोरजोरात चोळायला लागली.

"ओरडा, महाराज," ती म्हणाली. "चांगलं मोठ्यांदा ओरडा. दगड ओरडत नाही."