जांभळीखालची अंजनी

नळावर हौसाबाई म्हणाली, "बंगल्यावर नवा माळी येतोय म्हणे, आणि आपल्या येसाबाला…" तेवढ्यात तिची कळशी भरली. ती कळशी कमरेवर घेऊन निघून गेली, आणि उरलेलं वाक्यही तिच्यासोबत गेलं. मी पडले शेजारीण, माझ्या जिवाला चैन कुठली. पण माझ्या मागे इवलीशी तानू उभी होती, तिचा तर चेहराच उतरला.

येसाबा म्हणजे तानूचे आजोबा, तिचे आबा. दोघांना एकमेकांशिवाय कुणी नाही. डोंगरमाथ्यावरच्या त्या बंगल्याची बाग आबा राखत आणि बागेमागच्या खोलीत दोघं राहत. काम गेलं की खोलीही जाणार.

सगळी बाग हसरी, एक कोपरा तेवढा रडका. मोठ्या जांभळीखाली, उताराच्या तळाशी. ऊन तिथे क्वचितच उतरायचं, आणि हिवाळ्यात बागेतला सगळा गारठा ओघळून तिथेच साचायचा. दवसुद्धा गोठायचं. बंगल्याच्या मालकीण बाईसाहेबांना तिथे देवासाठी लालचुटुक जास्वंद हवी. आबा दरवर्षी लावत, गोणपाटाने झाकत, आणि दरवर्षी ती काळी पडे. उद्या बाईसाहेब बाग बघायला येणार होत्या.

ऊन कलताना तानू कोपऱ्यात धावली. काळवंडलेल्या पानाखाली काहीतरी लुकलुकत होतं. अंगठ्याएवढी परी, पंख गारठून कडक झालेले. तानूने डोक्याचा रुमाल सोडून तिला त्यात गुंडाळलं आणि हळूहळू ऊबदार फुंकर घातली. स्वतःचे कान लाल झाले, तरी रुमाल काढून घेतला नाही.

पंखांवर गुलाबी, सोनेरी, मोरपंखी रंग चढले. "एक इच्छा माग, बाळ," परी म्हणाली. या कोपऱ्यात एक झाड सुखाने जगू दे, एवढंच तानूने मागितलं. "हो," परी म्हणाली, "पण ऊन मला हलवता येत नाही, थंडी थांबवता येत नाही. झुडूप तू निवडायचंस, आणि ते खुशीने राहिलं पाहिजे. लावलंस की भीतीपोटी झाकायचं नाही."

तिने चुटकी वाजवली. छोटी छोटी झुडपं नटूनथटून रांगेत आली.

"जास्वंदीताई, राहशील इथे?" तानूने विचारलं. "बाईसाहेबांना तूच आवडतेस."

"तू म्हणशील तर राहीन गं," जास्वंद म्हणाली, आणि तिची पाकळी न पाकळी थरथरली.

तानूने तिची पाकळी गोंजारली. "नको, ताई. तू उन्हात जा."

मोगऱ्याने तर न विचारताच नकाराची मान हलवली.

मागे एक गप्प झुडूप होतं. जाड, चकचकीत हिरवी पानं, फूल एकही नाही.

"मी अंजनी. रानात मोठ्या झाडांच्या सावलीतच वाढले. गारठा मला सोसतो. पण फुलं थंडी सरल्यावर येतील."

"उद्या बाईसाहेब रागावल्या तर?" तानूने परीला विचारलं. "निवड तुझी," परी म्हणाली.

"तुला इथे बरं वाटेल ना?" तानूने अंजनीला विचारलं.

"हो."

"मग तूच राहा," तानू म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

तिने अंजनी कोपऱ्यात लावली, तोवर आबा गोणपाट घेऊन आले. तानूने त्यांचा हात धरला. "आबा, नका झाकू."

"थंडीने जळेल गं पोरी."

"नाही जळणार. मी विचारलंय तिला."

सकाळी गोठलेल्या दवाने कोपरा पिठासारखा पांढरा. अंजनीही पांढरी. बाईसाहेब आल्या, मागे एक धट्टाकट्टा माणूस, खांद्यावर कुदळ. तानू आबांच्या मागे दडली. मी कुंपणावरून बघत होते.

बाईसाहेबांनी वाकून बोटाने पान पुसलं. खाली हिरवंगार, टवटवीत.

"येसाबा, हे कसं जगलं?"

"नातीने त्याला विचारून लावलं," आबा पुटपुटले.

तेवढ्यात जांभळीतून उन्हाची एक तिरीप उतरली. तीत परी तानूच्या कानाशी आली. "इच्छा तू झाडाच्या सुखाची केलीस. हे माझ्याकडून तुझ्यासाठी." अंजनीच्या फांदीफांदीवर निळेजांभळे झुपके फुटले, आणि परी त्या उजेडातच विरघळून गेली. आम्हाला नुसतंच लख्ख झाल्यासारखं वाटलं. बाकी सगळं नंतर तानूने सांगितलं.

बाईसाहेबांनी देवासाठी एक झुपका खुडला. "खरं सांगते, कोपरा काळा असता तर आज तुम्हाला गावी पाठवणार होते. आता खणायचं काम हा करेल. कुठे काय लावायचं, ते तुम्ही दोघांनी सांगायचं. खोली तुमचीच."

तेव्हा नवा माळी आला, एवढं खरं निघालं. हौसाबाईचं उरलेलं वाक्य काय होतं, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.