कोंडाईचा रेडा आणि राजाचा हत्ती

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या बरंच वर एक झरा होता आणि डोंगराच्या कडेकडेने खोदलेल्या पाटातून त्याचं पाणी खालच्या शेतांत येत असे. हा पाट वाहिला तर गाव जेवे, आटला तर उपाशी राही.

पाटाची राखण कोंडाई नावाची बाई करी. रोज सकाळी ती पाटाच्या काठाने झऱ्यापर्यंत चालत जाई आणि कुठे माती घसरली, कुठे बांध फुटला ते पाहून येई.

माती दर वर्षी घसरायचीच. मग गावचे पाटील राजधानीला निरोप धाडत आणि राजाच्या हत्तीखान्यातून एक हत्ती भाड्याने येई. काय तो थाट! गळ्यात घंटा, पाठीवर माहूत, मागून ढोल. मोठी फळी ओढत हत्ती दिवसभरात सगळा पाट मोकळा करी.

पण हत्ती यायचा तो गावाची पाळी आली म्हणजे. एका वर्षी वीस दिवस लागले आणि हरभरा करपला. पुढच्या वर्षी महिना लागला. त्या हिवाळ्यात गावाने कंदमुळं उकडून खाल्ली.

कोंडाई चावडीवर जाऊन म्हणाली, "पाटील, हत्तीच्या भाड्यात एक रेडा आणि एक केणी येईल. ती कायमची आपली होतील."

केणी म्हणजे माती ओढून नेणारं लाकडी फावडं. ते जनावराला जुंपतात.

पाटील हसले. "अगं कोंडाई, हत्तीच्या एका दिवसाच्या कामाला तुझ्या रेड्याला महिना लागेल."

"लागू दे की. पण तो आज सुरू करेल."

चावडीवरचे सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

कोंडाईने मग आपल्या दंडातल्या चांदीच्या वाक्या मोडल्या आणि एक बुटका, तरणा रेडा आणला. त्याचं नाव ठेवलं डोंगऱ्या. सुताराने बाभळीची केणी करून दिली.

पहिल्या दिवशी डोंगऱ्याने दोर तोडला. दुसऱ्या दिवशी तो पाटातल्या गार पाण्यात जो बसला, तो दुपारपर्यंत उठलाच नाही. लोक काठावर उभे राहून पोट धरधरून हसले. कोंडाईलाही हसू आलं, पण रात्री तिचे खांदे ठणकत होते. भाड्याचा हत्ती काम झालं की परत जाई. डोंगऱ्या मात्र काम असो वा नसो, रोज दारात उभा असे. त्याला वैरण हवी, पाणी हवं. एकदा त्याचा खूर चिघळला, तेव्हा आठ दिवस ती निंबाच्या पाल्याने शेकत बसली. 'उगीच हा उपद्व्याप केला का?' असंही तिच्या मनात येऊन गेलं.

तरी हळूहळू दोघांची गट्टी जमली. थोडी माती घसरली की दोघं त्याच दिवशी ती काढून टाकत. ढिगारा साचतच नसे.

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता डोंगराचा मोठा कडाच खाली आला. पाट पार गाडला गेला. पाटलांनी राजधानीला माणूस धाडला. तो परत आला तो मान खाली घालून.

"सगळे हत्ती किल्ल्याच्या कामावर गेलेत. दीड महिना तरी येणार नाहीत."

शेतात पिकं गुडघ्याएवढी झाली होती. कोंडाईने डोंगऱ्याला केणी जुंपली आणि ती ढिगाऱ्याला भिडली.

संध्याकाळपर्यंत जेमतेम दहा हात पाट मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी शेजारीण कुदळ घेऊन आली. तिसऱ्या दिवशी निम्मं गाव आलं. चौथ्या दिवशी डोक्याला मुंडासं बांधून पाटील स्वतः आले आणि टोपली उचलू लागले.

नवव्या दिवशी वाटेत दोन पुरुष उंचीचा एक धोंडा लागला. डोंगऱ्याने जीव तोडून ओढलं, पण धोंडा तसूभरही हलला नाही. त्याच्या तोंडाला फेस आला, तसं कोंडाईने जू उतरवलं.

"बस बाबा," ती म्हणाली, "हे तुझं काम नव्हे."

लोकांनी झाडाचं खोड कोरून पन्हळ केली आणि धोंड्याला वळसा घालून पाणी पुढे काढलं. पाणी निम्मंच होतं, पण पिकं जगली.

मग कोंडाईनेच राजधानीला जाऊन हत्तीसाठी पाळी लावली. पाटलांना नवल वाटलं. "तुला तर हत्ती नको होता ना?"

"हत्ती नको, असं मी कधी म्हटलं? त्याची वाट पाहत बसणं नको होतं."

दीड महिन्याने हत्ती आला. माती आधीच काढलेली होती. त्याने कपाळ टेकवून एकदा रेटा दिला आणि धोंडा गडगडत दरीत गेला. पाट भरून वाहू लागला. माहूत म्हणाला, "एवढ्याशा कामाचं भाडं पुरतं कशाला घेऊ?" आणि भाड्याच्या धान्यातलं निम्मं परत ठेवून तो निघून गेला.

त्या वर्षी गावात घराघरात कणग्या भरल्या. सुगी झाल्यावर पाटलांनी कोंडाईला नव्या वाक्या करून दिल्या आणि गावाच्या खर्चाने आणखी एक रेडा आणला. त्याला माती ओढायला कोंडाईने शिकवलं आणि शिकाऊ गडी म्हणून दोर धरायला पहिले उभे राहिले ते पाटील.

तात्पर्य : कधीतरी लागणारं मोठं बळ मागून आणावं, पण रोज लागणारं बळ लहान असलं तरी आपल्या दारात असावं.