पितळी पोपटाची शाई

फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा गावात लिहिता येणारा एखादाच असे आणि बाकी सगळ्यांचे सुखदुःख त्याच्याच बोरूतून परगावी जाई.

डोंगराखालच्या एका गावात असा एक लेखनिक राहत होता. त्या गावाची एक रीत होती. दर अमावास्येला घरोघरच्या बाया आपल्या दिव्यावर धरलेली काजळी करवंटीत खरवडून त्याच्याकडे आणून देत. लेखनिक तिच्यात बाभळीचा डिंक घालून सात दिवस खलात घोटी. त्या शाईने तो साऱ्या गावाची पत्रे लिही आणि कोणाकडून काही घेत नसे. “काजळी तुमची, अक्षर माझे,” एवढेच तो म्हणे.

एके दिवशी एक व्यापारी गावात आला. त्याच्या पेटीत पितळेचा पोपट होता. त्याच्यापुढे कागद ठेवून बोलायला लागले की तो चोचीने भराभर लिहून काढी. अक्षर कसे, तर मोत्यांची माळच.

“शेटजी, याचे मोल काय?” लेखनिकाने भीतभीत विचारले.

“तुमच्यासारख्या गुणी माणसाकडून मोल कसले घ्यायचे? एक नारळ द्या. शाईच्या तीन कुप्या त्यात बसवलेल्याच आहेत. काळी पोटात, तांबडी कंठात, निळी शेपटीत. संपल्या की मी आहेच.”

लेखनिकाचे हात शाई घोटून घोटून दुखत असत. त्याने आनंदाने नारळ दिला. पुढच्या अमावास्येला बाया करवंट्या घेऊन आल्या, तेव्हा तो म्हणाला, “आता नका आणू. हात काळे करायचे दिवस गेले.” त्याने खलही शेजारणीला देऊन टाकला. ती त्यात मिरच्या कुटू लागली.

पंधरा दिवस सुखाचे गेले. मग पोपट मान वळवून म्हणाला, “तांबडी संपली. तांबडी आणा.”

“अरे, मला तांबडी लागतच नाही. तू काळ्या शाईने लिही.”

“तांबडी संपली. तांबडी आणा.”

लेखनिकाने त्याला उचलून कानाजवळ हलवले. कंठात शाई डुचमळत होती. तरी पोपट तेच तेच घोकत राहिला. व्यापारी आला आणि लाखेने मोहोरबंद केलेली इवलीशी कुपी त्याने पुढे केली. तिचे मोल होते पाच नारळ.

“शेटजी, अख्खा पोपट एका नारळाचा, आणि कुपी पाचांची?”

“पोपट एकदाच घेतला ना तुम्ही?” व्यापारी गोड हसला. “कुपी पुनःपुन्हा घ्याल.”

लेखनिक स्वभावाने बारकाईचा होता. तो पोपटाकडे लक्ष ठेवू लागला. तेव्हा त्याला दिसले, की लिहायचे काही नसले तरी पोपट रोज सकाळी गुळण्या करतो आणि चांगली शाई कोपऱ्यात थुंकतो. एकदा त्याने गाडग्याच्या तळाशी उरलेली आपली जुनी शाई पोपटाच्या पोटात ओतून पाहिली. पोपटाने ती त्याच्या धोतरावर उडवली आणि तो साऱ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, “परकी शाई! परकी शाई!”

कुप्यांसाठी लेखनिक लोकांकडे नारळ मागू लागला. पत्र सांगायला कोणी बसले, की तो म्हणे, “थोडक्यात सांगा.”

“बुवा, माया थोडक्यात कशी सांगायची?” बाया विचारत. हळूहळू त्याच्या ओसरीवर येणारी माणसे कमी झाली.

असे वर्ष उलटले. एका सकाळी कुंभारीण धावत आली. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायला निघणार होती, सहाव्या दिवशी, बैलगाडीने. वाटेत नदीचा उतार होता. पण यंदाच्या पुराने तिथली वाळू वाहून गेली होती आणि गुडघाभर पाण्याच्या जागी डोह झाला होता. वरून पाणी संथ दिसे. मुलीच्या गावी हे कोणालाच ठाऊक नव्हते.

“लिहा बुवा, उताराने येऊ नका, डोंगरावरून या म्हणावं. हरकारा दुपारी निघतोय.”

पायी माणूस पाठवावा, तर तो पोहोचण्याआधीच गाडी निघणार. उताराशी कोणाला उभे करावे, तर एवढ्या रुंद पात्रापलीकडे त्याची हाक पोहोचणार नाही. हरकारे एकमेकांच्या हाती थैली देत तिसऱ्या दिवशी पोहोचत. पण तोंडी निरोप ते नेत नसत. पाच तोंडांतून जाताना निरोपाचे भलतेच काही होते, म्हणून राजाने तशी बंदीच केली होती.

लेखनिकाने पोपटापुढे कागद ठेवला. पोपटाने ‘चिरंजीव सौभाग्यवती’ एवढे लिहिले आणि तो थांबला.

“निळी संपली. निळी आणा.”

“अरे, बाईच्या लेकीच्या जिवाचा प्रश्न आहे!”

“निळी संपली.”

लेखनिकाने त्याला उलटा करून हलवले, पण मिटलेल्या चोचीतून शाईचा थेंब गळेना. व्यापारी यायला महिना होता. जुन्या शाईचे गाडगे कोरडे पडले होते. कोळशाने लिहावे, तर थैलीत घासून सारे पुसले जाणार.

तो उठला आणि दारोदार गेला. “काजळी आहे का, काजळी?”

“ती तर आम्ही पुसून टाकतो आता,” पहिल्या दारातली म्हातारी म्हणाली. “हात काळे करायचे दिवस गेले ना, बुवा?”

लेखनिकाने मान खाली घातली. “चुकलो, आजी. पण आज कुंभारणीच्या लेकीसाठी हवी आहे.”

हे ऐकले मात्र, म्हातारीने चुलीवरचा तवा उतरवला, पालथा घातला आणि ती उलथन्याने तो खरवडायला बसली. “बघत काय उभा राहिलास? जा, शेजारच्या घरी सांग!” घटकाभरात आळीतला एकेक तवा पालथा पडला. शेजारणीने खल धुऊन आणला. डिंक भिजायला वेळ नव्हता आणि सात दिवसांचे घोटणे एका घटकेत उरकायचे होते. शाई पातळ झाली, तिला मिरचीचा वास येत होता आणि लेखनिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्याने वळचणीतून जुना बोरू काढला आणि पत्र लिहिले. ‘नदीने येऊ नका’ हे शब्द मात्र त्याने पुनःपुन्हा गिरवले.

थैलीत घासून त्या कच्च्या शाईतले आशीर्वाद पुसले, खुशाली पुसली. मुलीच्या हाती पत्र पडले तेव्हा त्यावर ते गिरवलेले तीनच शब्द धड उरले होते. तेवढे पुरले. गाडी डोंगरावरून आली. अमावास्येच्या आधी कुंभारणीच्या घरी पाळणा हलला.

व्यापारी आला तेव्हा पोपट ओसरीवर कागदांवर वजन म्हणून ठेवलेला होता. शेजारी करवंट्यांची रांग होती आणि लेखनिक शाई घोटत होता.

“कुप्या आणल्यात, बुवा,” व्यापारी म्हणाला.

लेखनिकाने आपले काळे हात वर करून दाखवले. “आमच्या शाईचे झरे घरोघरी आहेत, शेटजी. मध्ये मीच ते बुजवले होते.”

म्हणून, लहानथोर हो, ध्यानात ठेवा: फुकटात हाती आलेल्या हत्याराचे खाणे कोणाच्या कोठीत आहे, हे आधी विचारावे आणि मगच आपली कोठी मोडावी.