पवळीचे नवे गिअर

फार मागे, डोंगरवाडीला पाणी घाट चढून जायचं, तेव्हाची गोष्ट. पवळी नावाची पिकअप पाण्याची टाकी ओढताना पहिल्याच वळणावर धापा टाकायची. म्हणून गौसमिस्त्रीने तिच्या मागच्या चाकांच्या आसात नवे गिअर बसवले.

सपाट रस्त्यावर रिक्षाही पुढे निघून गेली, तशी पवळी नव्या गिअरांवर भडकली. "मेल्यांनो, माझा वेग खाल्लात!" गिअर तेलात फिरत राहिले.

घाट मात्र ती भरल्या टाकीनिशी एका दमात चढली. वाडीने तिच्या बॉनेटवर झेंडूचा हार घातला.

पवळीला गहिवरून आलं. "चढवलंत तुम्ही आणि हार माझ्या गळ्यात!"

"ओढलंस तूच, बाई," गिअर म्हणाले. "आम्ही तुझा वेग घेतला आणि त्याचाच जोर करून तुला परत दिला."

तेव्हापासून मागून रिक्षा आली, की पवळी हसून वाट देते.