चाळीस हातांचा दोर

फार पूर्वी एका राज्यात विहिरींचे दोर राजधानीतच वळले जायचे. तिथल्या दोरखान्याचा कारभारी मोठा काटेकोर माणूस. प्रत्येक गावाला दोर मिळे तो चाळीस हातांचा, बोटभर कमी नाही की बोटभर जास्त नाही. वीस वर्षांत त्याच्या मापात कधी चूक निघाली नव्हती, आणि याचा त्याला भारी अभिमान होता.

दरवर्षी गावं जुना दोर परत करून नवा घेऊन जात. एका वर्षी जुन्या दोरांच्या ढिगापुढे कारभारी सहज थबकला. नदीकाठच्या गावाचा दोर टोकाशी दहा हात झिजला होता, बाकीचा अगदी कोरा. डोंगरावरच्या गावाच्या दोराला तर लुगड्याचा धडपा बांधलेला! दोराला लुगडं कशाला? त्याने कारकुनांना विचारलं, पण त्या गावाची विहीर त्यांच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. त्याला काही चैन पडेना. शेवटी घोड्यावर बसून तो स्वतःच डोंगर चढला.

विहिरीवर एक बाई दोराला लुगडं बांधत होती.

"अक्का, हे काय करताय?"

"पाणी साठ हातांवर, दोर चाळीस हातांचा. मग उरलेलं कशानं भरायचं?"

एवढ्यात गाठ सुटली आणि पोहरा धपकन खाली गेला. बाईने कपाळाला हात लावला. "महिन्यातला तिसरा! आता गळ टाकून निघेपर्यंत गुरं तहानलेली राहणार."

"अहो, मग राजधानीला कळवायचं नाही का?"

"कळवलं की. वर्षानं उत्तर आलं, दोर चाळीस हातांचाच मिळेल. खाली दोरखान्याच्या कारभाऱ्याची सही होती."

कारभाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कारभारी आपणच, हे सांगायलासुद्धा त्याची जीभ रेटेना. पण अखेर त्याने सांगितलं. बाईने त्याला आधी पाणी प्यायला दिलं, मग चांगलं फैलावर घेतलं.

परत येऊन त्याने सगळी हकीकत राजाला सांगितली. राजा म्हणाला, "त्यात काय, साठ हातांचेही दोर वळ. दोरखाना दुप्पट करू."

क्षणभर कारभारी मोहात पडला. दुप्पट दोरखाना म्हणजे दुप्पट मान! पण त्याच्या डोळ्यांपुढून ती तहानलेली गुरं हलेनात.

"महाराज, उद्या पाणी पासष्ट हातांवर गेलं, तर मला इथे बसून कसं कळणार? ज्या अंबाडीच्या वाखाचे आपण दोर वळतो, ती राजधानीच्या रानातली अंबाडी गावांना वाटून द्या. दोर त्यांचे तेच वळतील."

"आणि तुझा दोरखाना?"

कारभारी म्हणाला, "बंद करावा लागेल."

राजाने तसा हुकूम काढला. महिनाही झाला नसेल, तोच बातमी आली की डोंगरावरच्या गावाचा पहिला दोर आठ दिवसांत तुटला. दरबारात खसखस पिकली. राजाने दोरखान्याच्या किल्ल्या कारभाऱ्यापुढे धरल्या. "घे. त्यांना जमायचं नाही."

किल्ल्या पाहून त्याचा हात शिवशिवला. पण तुटल्यावर गावाने काय केलं असेल, हे कळल्याशिवाय त्याला राहवेना. "आधी बघून येतो," म्हणत तो निघाला.

विहिरीजवळ सारं गाव दोर वळायला बसलं होतं. त्याला पाहताच बाई म्हणाली, "पहिल्या खेपेला अंबाडी नीट भिजली नव्हती. तुटला त्याच दिवशी दुसरी भिजत घातली."

"मग मला कळवलं का नाही?"

"कळवलं असतं तर अजून उत्तराचीच वाट बघत बसलो असतो!"

गाव खो खो हसलं. कारभाऱ्यालाही हसू आवरेना. हसता हसता त्याची नजर नव्या दोरावर गेली. पीळ जरा सैल पडत होता. 'सोडा तो, पुन्हा वळा!' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याने ते गिळले आणि तिथेच मातीत मांडी घातली.

"अक्का, पिळाचं एक सांगू का?"

"सांगा की," बाई म्हणाली. "ऐकायचं की नाही, ते आम्ही ठरवू."

आणि दोराचा एक पदर तिने त्याच्या हातात दिला.

तात्पर्य: ज्यांना रोज पाणी ओढायचं आहे, दोराचं माप त्यांनाच ठरवू द्यावं. ते चुकतीलही, पण चूक त्यांच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून लवकर सुधारते. जाणत्याने हुकूम न सोडता शेजारी बसून हात लावावा.